दीड इंचाचे ठोकळे

मोटरसायकलचं हँडल डावीकडं पूर्ण वळवलं की इंजिनचा आवाज वाढतो, हे मला अपघाताच्या तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. पुढचे साडेचार महिने मी ते कुणालाही सांगितलं नाही. आता त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

मी तेव्हा कराडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होतो. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. विहिरींना पाणी आलं होतं, आणि पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या चरकाचे रूळ, ट्रॅक्टरच्या पिना अशी कामं शेडच्या दारात साठून राहायची. माझं वय सव्वीस. हातात धातूचा कुठलाही तुकडा आला तरी तो पाहिजे तसा उतरवून देईन, अशी माझी खात्री होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कडेगावजवळचं त्यांचं गाव. फौजेत ते मोटरसायकलवरून टपाल आणि हुकूम पोचवायचं काम करत. पहाडात एकदा ट्रक उलटला, त्यात त्यांचा उजवा खांदा निखळला आणि पुन्हा धड बसला नाही. पेन्शन घेऊन घरी आले ते वर्षभर सोप्यात भिंतीला टेकून बसले. ऊस भावाकडं, जनावरं भावाकडं. मग एक दिवस पुण्याला जाऊन त्यांनी लष्कराच्या लिलावात निघालेली एक जुनी मोटरसायकल आणली आणि माणूसच बदलला. आक्का मला म्हणाली, "इतकं दिस पावण्यावानी बसत हुते रं घरात. आता दारात गाडी वाजली की वाटतं, मालक आलं."

गाडीचं हँडल मात्र आखूड आणि सपाट होतं. कुणीतरी आधीच्या मालकानं बसवलेलं. त्यावर हात ठेवायचा तर छाती पुढं झुकवावी लागायची, सगळा भार खांद्यावर यायचा. आठ-दहा मैल गेलं की दाजींच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या. ते रस्त्याकडेला थांबून हात झटकत उभे राहायचे. मी पाहिलं आहे ते. थांबलेल्या गाडीजवळ उभं राहून ते स्वतःच्या बोटांकडं अशा नजरेनं बघायचे, जणू ती बोटं दुसऱ्या कुणाची असावीत.

त्यांना मी कराडच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं घेऊन गेलो. मिस्त्री साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी दाजींना गाडीवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले.

"आता हात पुढं करा. जिथं बरं वाटंल तिथं ठिवा. हँडल हाय का न्हाई, इचार करू नका."

दाजींनी डोळे मिटून हात पुढं केले. ते हवेत जिथं थांबले तिथपासून जुन्या हँडलपर्यंतचं अंतर मिस्त्रींनी टेपनं मोजलं. साडेचार इंच वर, दोन इंच मागं.

मी विचारलं, "हेच हँडल ठेवून खाली ठोकळे घातले तर?" हँडल जिथं आवळतात त्या पकडीखाली धातूचे ठोकळे बसवले की तेच हँडल वर उचललं जातं. असे ठोकळे मी अर्ध्या दिवसात करून दिले असते.

"साडेचार इंचाचं ठोकळं?" मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. "खड्ड्यात चाक गेलं की बोल्ट वाकतील. त्यापरीस उंच हँडलच घाला. मग ठोकळ्याची गरजच न्हाई."

जुन्या बाजारातून तसं हँडल मिळालं, दोन्ही बाजूंनी वर उचलून मागं वळलेलं. मिस्त्रींनी ते बसवलं, क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटरच्या वायरी टाकीखालून नव्यानं ओढून घेतल्या. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. कान इंजिनकडं. आवाज हलला नाही.

"वायरी जेमतेम पुरल्यात," ते म्हणाले. "आता ह्याच्यावर आणखी काय चढवायचं न्हाई."

हे ते दाजींना म्हणाले, पण मीही तिथंच उभा होतो.

दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली, आणि थंडी पडली तसा दाजींचा खांदा पुन्हा धरला. एका रविवारी मी गावी गेलो तर ते म्हणाले, "आणखी इंच-दीड इंच वर पायजे रं. येवढंसंच. तुझे ते ठोकळे कर की."

मिस्त्री काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. पण दीड इंच म्हणजे काय, बोटाचं एक पेर. शिवाय ठोकळे मिस्त्रींच्या नाही, माझ्या हातचे होणार होते. पुढच्या आठवड्यात मी अ‍ॅल्युमिनियमचे दोन ठोकळे उतरवले. कडा गोल केल्या, पॉलिश मारलं. वर्कशॉपमधली माणसं ते हातात घेऊन बघत होती. लांब बोल्ट आणले आणि रविवारी सकाळी आक्काच्या अंगणात हँडल सोडवून खाली ते बसवले.

वायरी ताणल्या गेल्या. अ‍ॅक्सिलेटरची वायर तर सुतासारखी सरळ झाली. मी तिचा टाकीजवळचा पट्टा सोडला, म्हणजे थोडी ढील मिळाली. दाजींनी किक मारली. मी हँडल उजवीकडं फिरवलं, काही नाही. डावीकडं फिरवलं आणि शेवटच्या चार बोटांत इंजिन एकदम चढलं. मूठ कुणी पिळली नव्हती. हँडलच वायर ओढत होतं.

सोप्यावरची कोंबडी फडफडून उतरली. दाजींनी माझ्याकडं बघितलं.

"वाढलं न्हवं?"

नवी लांब वायर आणायची तर कराडला जावं लागणार, म्हणजे आणखी एक रविवार. किंवा ठोकळे उतरवायचे. मी म्हणालो, "गार इंजिन हाय दाजी. तापलं की बसंल."

"आन् येवढं पुरं वळवतंय कोण?" असं म्हणून दाजी हसले. गाडीवर बसून त्यांनी खांदा सैल सोडला आणि म्हणाले, "झकास. आता बसल्यावानी वाटतंय."

त्यानंतरचे तीन आठवडे मी झोपताना डोळ्यांपुढं ती वायर बघत होतो असं नाही. खरं सांगायचं तर मी विसरलो होतो, किंवा विसरल्यासारखं करत होतो. विसरली नव्हती ती आक्का. दाजी अंगणात गाडी वळवून लावायचे तेव्हा रोज ते इंजिन ओरडायचं. दुसऱ्या रविवारी मी गेलो तेव्हा ती भाकरी थापताना थांबली.

"ऐकलंस? वळताना कशी गुरगुरती बघ. आधी अशी न्हवती."

दाजी बाहेरून म्हणाले, "तुला बघून गुरगुरती." मी हसलो. आक्का हसली नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मला ते बरं वाटत न्हाई." एवढंच.

पौषातली गोष्ट. आम्ही दोघं विट्याकडं निघालो होतो, दाजींना पेन्शनीच्या कागदांवर कुणाची तरी सही हवी होती. येरळा नदीवरच्या एका फरशी पुलावरून वाट होती. फरशी म्हणजे कठडा नसलेला बुटका पूल, एक बैलगाडी जाईल एवढा रुंद. सकाळचं ऊन होतं आणि दगडांवरून घोटाभर पाणी वाहत होतं. आम्ही निम्म्यावर गेलो आणि पलीकडच्या उतारावरून उसानं भरलेली गाडी फरशीवर आली. बैलांना मागं घेता येईना. गाडीवान ओरडला, "आवं, मागं घ्या की तुमची!"

मी उतरलो. मला वाटलं दाजी गाडी ढकलत मागं घेतील. पण उजव्या हातानं ढकलणं त्यांना जड जायचं, आणि तेरा वर्षं मोटरसायकल चालवलेला माणूस. ते म्हणाले, "थांब, फिरवूनच घेतो," आणि त्यांनी हँडल डावीकडं पूर्ण वळवलं.

मी तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होतो ते मला आजही सांगता येत नाही, कारण तेवढ्यात इंजिन चढलं. क्लच अर्धा सुटलेला होता. गाडीनं पाण्यातून एकच उडी घेतली आणि दाजींसकट फरशीच्या कडेवरून खाली गेली. खोली पुरुषभरसुद्धा नव्हती. पण खाली दगड होते.

मी उतरून पोचलो तेव्हा गाडी त्यांच्या डाव्या पायावर आडवी होती आणि मागचं चाक हवेत फिरत होतं. हँडल अजून डावीकडंच अडकलेलं, त्यामुळं इंजिन थांबायचं नाव घेईना. त्या आवाजानं वर बैल बिथरले होते, गाडीवान त्यांना धरू की खाली येऊ या कोड्यात होता. मी आधी काय केलं असेल? मी हँडल सरळ केलं. इंजिन उतरलं. मग बंद केलं. दाजी पायाखालच्या पाण्याकडं बघत होते, पाणी लाल होत होतं. त्यांनी मला विचारलं, "बैलं पडली का?"

मिरजेच्या दवाखान्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाजी एकच सांगत. "हातानं दगा दिला. मुंग्या आल्या असतील, मूठ पिळली गेली असंल, मला कळलंच न्हाई." सगळे माना हलवत. खांद्याचं सगळ्यांना माहीत होतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा असायचो. एकदा रात्रभर जागून आलेली आक्का मला म्हणाली, "तू हुतास म्हणून जगलं ते." तेव्हा तरी बोलायचं. बोललो नाही.

गाडी विट्याला नेऊन दाजींच्या भावानं सरळ करून घेतली आणि विकून टाकली. मला ते कळलं मे महिन्यात, दाजी घरी येऊन खाटेवर बसू लागल्यावर. कवठे महांकाळकडच्या एका मेंढपाळ घराण्यातल्या माणसानं घेतली होती.

मी विचारलं, "हँडल बदललं का?"

"कशाला?" दाजींचा भाऊ म्हणाला. "तुझे ठोकळे लय भारी निघाले की. येवढ्यावरनं पडली गाडी, पर त्यास्नी चरासुदिक न्हाई."

त्याच रात्री मी कराडला परतलो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून सुट्टी घेतली, दोन पाने, पक्कड आणि एक लांब वायर पिशवीत टाकली आणि रेल्वेनं मिरजेला आलो. तिथून एस.टी.नं कवठे महांकाळ, आणि पुढं त्या माणसाच्या वस्तीपर्यंत चार मैल चालत. आमच्याकडं कृष्णाकाठी उन्हाळ्यातही ऊस हिरवा असतो. इथं नुसता माळ, बाभळी आणि धूळ. वाटेत भेटलेल्या एकाला विचारलं, "मोटरसायकलवाल्यांची वस्ती कुठली?" तो म्हणाला, "ती वरडणारी गाडी व्हय? ह्याच वाटंनं जावा."

वस्तीजवळ येता येता पायवाट एका विहिरीला लागली. विहीर मोठी, जुनी, काठाला दगड सुटलेले, कठडा नाही. आणि वाट अगदी काठावर येऊन डावीकडं काटकोनात वळत होती. मातीत मोटरसायकलच्या चाकाची खूण होती. ती वळणापर्यंत गेलेली दिसत होती. मी वाकून आत बघितलं. खूप खाली हिरवं पाणी होतं. त्यात काही नव्हतं, तरी मी बराच वेळ बघत राहिलो.

घरी दोघंच म्हातारी माणसं होती, गाडी घेणाऱ्याचे आईवडील. म्हाताऱ्यानं घोंगडं टाकलं, पाणी दिलं.

"पावणं, कुठलं म्हणायचं?"

मी सांगितलं. गाडी आमच्या घरची होती, हेही सांगितलं. मुलगा कुठं आहे विचारलं.

"बाजारला गेलाय. सुनंला मागं बसवून. दिस कलायच्या आत येतील."

म्हाताऱ्यानं चंची काढून पान जुळवलं. जरा वेळानं त्यानं विचारलं, "खरं सांगा. त्या गाडीवर कोण मेलंय का?"

"न्हाई बाबा. मेलं न्हाई कोण."

"मग वळताना वरडती का?"

मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं ते त्या अनोळखी म्हाताऱ्याला. ठोकळे कुणी केले, वायर कशी ताणली, दाजींनी विचारल्यावर मी काय उत्तर दिलं. म्हातारी दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "आन् तुमी ते आज सांगाय आलासा?"

दुपारभर आम्ही तिघं घराच्या सावलीत बसलो. ऊन उतरलं. मेंढरं परत आली. म्हातारी दोनदा उठून वाटेकडं बघून आली. मग लांबून इंजिनचा आवाज आला. तो आवाज मी हजारात ओळखला असता. तो जवळ येत गेला, आणि मी उठून विहिरीकडं पळालो. हात वर करून ओरडत होतो, पण इंजिनपुढं काय ऐकू जाणार. धुळीतून गाडी दिसली, पुढं फेटेवाला माणूस, मागं पदर तोंडावर ओढून घेतलेली बाई. वळण वीस पावलांवर राहिलं असेल.

तिथं त्यानं गाडी बंद केली.

बायको उतरली. तो उतरला. हँडल धरून त्यानं गाडी चालत वळवली, विहिरीपासून चार हात आतून, आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मी धापा टाकत होतो. मागून म्हातारा आला आणि म्हणाला, "तो हितं रोज बंद करतो. दुसऱ्या दिसापासनंच."

त्या माणसाला यंत्राचं काही कळत नव्हतं, हे त्यानं स्वतःच सांगितलं. "जनावर उगं वरडत न्हाई," तो म्हणाला. "आमी म्हटलं, हिला डावीकडं वळायचं भ्या हाय. मग उतरून वळवायची. आमाला कुठं घाई हाय."

उजेड होता तोवर मी ठोकळे उतरवले. हँडल पुन्हा मूळ जागी बसवलं, नवी वायर घातली, टाकीजवळचा पट्टा आवळला. किक मारून हँडल डावीकडं टोकापर्यंत नेलं आणि तसंच धरून ठेवलं. आवाज हलला नाही. म्हाताऱ्यानं ते मला तीनदा करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी कराडला न जाता सरळ आक्काकडं गेलो. दाजी अंगणात खाटेवर होते, ताठ पाय पुढं ठेवलेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"गार इंजिन हाय, म्हणाला हुतास."

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता शिवी येईल, काठी येईल. पण ते म्हणाले, "मलाबी ठावं हुतं रं. फौजेत गाड्या चालवल्या मी. गार इंजिन वळवल्यावर वरडत न्हाई, येवढं कळत न्हवतं व्हय मला? पर खांद्याला बरं वाटत हुतं. तू म्हणालास, आन् मी पटवून घेतलं." मग त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं धरली. "साडेचार म्हैने ह्या हाताला शिव्या घालतूय मी."

आक्का दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

"म्हंजे तुमी दोघंबी ऐकत हुता," ती म्हणाली. "आन् मी बोलले तवा हसत हुता."

ती आत गेली. त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. पुढं दोन वर्षं आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. भाऊबीजेला मी जायचो, ती ओवाळायची, आणि मी यायचो.

दाजींनी मात्र तिसऱ्या वर्षी पुन्हा एक मोटरसायकल घेतली. तेव्हाच्या त्या गाड्यांचा ब्रेक डाव्या पायाशी असायचा, आणि ताठ पायानं तो दाबता येत नव्हता. एका रविवारी त्यांनी कागदावर काढलेलं एक चित्र माझ्यापुढं ठेवलं. पायातला ब्रेक हातात आणायचा होता, त्यासाठी एक खटका आणि दोन दांड्या.

"लेथवर जमंल का रं तुला?"

चित्र चांगलं होतं. मला ते जमलं असतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचीच भीती वाटली. मी नाही म्हणालो. ते चिडले. तुझ्यापायी लंगडा झालो आणि आता एवढंसं काम करत नाहीस, असंही म्हणाले. खोटं नव्हतं ते. मी तरी नाही म्हणालो. त्यांनी कागदाची घडी केली आणि महिनाभरात सांगलीतल्या कुठल्याशा वर्कशॉपमधून तो ब्रेक करून आणला.

मी गेलो नाही बघायला. आक्का त्यानंतर एकदा कराडला आली, माझ्या खोलीवर बसली, चहा घेतला आणि पहिल्यांदा बराच वेळ माझ्याशी बोलली. आमच्या शेतावरचं, आईच्या दुखण्याचं, इकडचं तिकडचं. त्या ब्रेकचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

ती गाडी दाजींनी अकरा वर्षं चालवली आणि काही झालं नाही. आक्का तिच्यावर एकदाही बसली नाही. बाजारला ती एस.टी.नं जायची, आणि दाजी तिच्या एस.टी.च्या मागून मोटरसायकलवर यायचे.